विहिरीवर गोल जाळी टाकायची आहे, चौरस फूट कसे काढायचे?

मंडळी, शेतातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घ्यायची आहे. वेल्डिंगवाला म्हणतो, 27 गुणिले 27, म्हणजे 729 चौरस फुटांचे पैसे होतील. विहीर गोल आणि हिशोब चौकोनाचा, हे काही पटत नाही. आरपार टेप धरायची सोय नाही, एका बाजूने कठड्यातूनच उंबर उगवलाय. म्हणून कठड्याला बाहेरून टेप गुंडाळला, तो 85 फूट भरला. कठडा दीड फूट जाड आहे आणि जाळी त्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत हवी. एवढ्यावरून क्षेत्रफळ निघेल का?

प्रतिसाद 1
निघेल की! परीघाला 3.1416 ने भागा: 27.06 फूट व्यास आला. म्हणजे त्याने धरलेले 27 बरोबर आहेत, पुढचा गुणाकार तेवढा चौकोनाचा. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी दिलेली रीत इथे फार सोयीची पडते, परीघ गुणिले व्यास, भागिले 4. त्रिज्येच्या वर्गाच्या भानगडीत पडायलाच नको. 85 × 27.06 ÷ 4 = 575 चौरस फूट.
उंबरापाशी टेप फुगला नव्हता ना, ते बघा. परीघ एका फुटाने जास्त धरला तर क्षेत्रफळ जवळपास 14 चौरस फुटांनी वाढतं.

प्रतिसाद 2
फॅब्रिकेशनचंच काम करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. जाळी गोल विकत मिळत नाही. 4 फुटी रोल असेल तर 7 पट्टे लागतात आणि कापलेले कोपरे भंगारात जातात. त्यामुळे 575 च्या भावात कोणी करणार नाही. पण 729 पण जास्तच आहेत, कारण कडेचे पट्टे आखूड लागतात. मधला 27 फूट, त्याच्या दोन्ही बाजूंना 26.7, मग 24.2 आणि शेवटचे 18.1. सगळे मिळून 165 फूट, गुणिले 4 म्हणजे 660 चौरस फूट. जोडावर पट्टे एकमेकांवर चढवणार असेल तर थोडं वाढेल. गोल अँगलचा भाव रनिंग फुटावर वेगळा ठरवा, तिथे तुमचे 85 फूट कामाला येतील.

धागाकर्ता
दादा, हे 660 कागदावर मांडूनच त्याच्याकडे जातो. जाता जाता एक, विहिरीत एक फूट पाणी म्हणजे किती लिटर?

प्रतिसाद 1
त्याला आतला व्यास घ्या. दोन्हीकडचा दीड-दीड फूट कठडा वजा जाता 24.06 फूट, त्याचं क्षेत्रफळ 455 चौरस फूट. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, तेव्हा फुटाला साधारण 12,900 लिटर. खाली विहीर निमुळती होत गेली असेल तर कमी धरा.

प्रतिसाद 2
आणि अँगल वाकवायच्या आधी विहीर खरंच गोल आहे का बघा. उंबर सोडून दोन-तीन ठिकाणी आरपार दोरी ताणा. जुन्या विहिरी बऱ्याचदा लांबट निघतात, मग रिंग कठड्यावर बसत नाही.