मदत हवी आहे: स्प्रिंकलरखाली डक्ट आला, ड्रॉइंग पुन्हा मंजूर करून घ्यावं लागेल का?

जुन्या दुमजली इमारतीत ऑफिस करतोय. आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरचं ड्रॉइंग मंजूर झालं, पाइप बसले, १३.८ बारवर २ तासांची प्रेशर टेस्टही झाली. मग एसीवाल्यांनी त्याच ओळीखालून १.४ मीटर रुंद डक्ट नेला. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन मानक) प्रमाणे १.२ मीटरपेक्षा रुंद कायमच्या अडथळ्याखाली वेगळे हेड (पाणी फवारणारी तोंडं) लागतात, कारण वरचं पाणी खाली पोचतच नाही. 'वर आहेत ना, चालतंय' हे कंत्राटदाराचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. त्या डक्टखाली माणसं बसणार आहेत.

डक्ट वळवायचा प्रयत्न केला, तुळया आड येतात. अरुंद करायला उंची पुरत नाही. म्हणजे खाली ६ हेड वाढवणं आलं, वरच्यासारखेच ६८ अंश सेल्सिअसला उघडणारे, त्याच शाखा-पाइपवरून. पंप आणि टाकी बदलता येणार नाही. फॉल्स सीलिंग अजून लावलेलं नाही, अंतिम तपासणी बाकी आहे.

असं काम ज्यांनी पास करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा: एवढ्या ६ हेडसाठी हायड्रॉलिक कॅल्क्युलेशन (पाण्याच्या दाबाचा आणि प्रवाहाचा हिशोब) नव्याने करून ड्रॉइंग पुन्हा मंजुरीला द्यावं लागतं, की प्रत्यक्ष झालेल्या कामाचं ड्रॉइंग शेवटी जोडलं तर चालतं? आणि प्रेशर टेस्ट सगळ्या लाइनची परत करायची, की फक्त वाढवलेल्या भागाची?