इन्स्ट्रक्शनल डिझाइननंतर पुढे काय: ट्रेनिंग, कोचिंग की कम्युनिकेशन्स?

प्रश्न: सहा वर्षं इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या आखणीत आहे: स्टोरीबोर्ड (धड्याचा पडद्यागणिक आराखडा), स्टोरीलाइन या सॉफ्टवेअरमधली मॉड्यूल्स (ऑनलाइन धडे), एलएमएसवर (ऑनलाइन शिक्षणाची प्रणाली) स्कॉर्म पॅकेज (त्या प्रणालीत चालणारी धड्याची फाइल) चढवणं हेच काम आहे. आता थेट माणसांसोबत काम करायचंय. कुठे वळणं सोपं जाईल? पोर्टफोलिओत काय ठेवू?

उत्तर १: सगळ्यात जवळचं ट्रेनिंग. उद्दिष्टं आणि सराव तुम्ही आखताच, चुकतो तो वेळेचा हिशेब. स्क्रीनवर शिकणारा आपल्या गतीने जातो, वर्गात सगळ्यांना एकत्र न्यावं लागतं. १० मिनिटांची गटचर्चा लिहिलीत, तर सूचना, गट पाडणं आणि शेवटची मांडणी धरून ती सहज २० मिनिटं खाते. म्हणून तासाभराच्या सत्रात दोनच उद्दिष्टं घ्या. फॅसिलिटेटर गाइडमध्ये (सत्र घेणाऱ्यासाठीची मार्गदर्शिका) वेळ, विचारायचा प्रश्न आणि अपेक्षित उत्तरं यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवाच: उशीर झाला तर काय गाळायचं. तो नसला की नेमका शेवटचा सराव कापला जातो, आणि शिकणं तर तिथेच घडणार असतं. सुरुवात आपल्याच एखाद्या मॉड्यूलच्या प्रत्यक्ष सत्रात सहप्रशिक्षक म्हणून करा.

उत्तर २: कोचिंगला मात्र हात वेगळा लागतो. उणीव हेरून उत्तर पुरवायची डिझायनरची सवय तिथे आड येते. प्रश्न विचारून गप्प बसता आलं पाहिजे. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन (आयसीएफ) कोचना प्रमाणपत्रं देते; त्यातल्या एसीसी या पहिल्या पायरीला किमान ६० तासांचं कोचिंगचं शिक्षण, १०० तासांचा अनुभव (त्यातले ७५ तास मोबदला घेऊन) आणि निदान तीन महिन्यांत विभागलेलं १० तासांचं मेंटर कोचिंग (आपल्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन) लागतं. शिवाय परीक्षा. वर्गात शिकवलेले तास यात धरत नाहीत. तासांची नोंद पहिल्या दिवसापासून, क्लायंटची संमती घेऊन ठेवा. मागाहून जुळवणं फार जड जातं.

उत्तर ३: कम्युनिकेशन्ससाठी, म्हणजे कंपनीतले संदेश लिहिण्याच्या कामासाठी, मॉड्यूलच्या लिंका फारशा कामाच्या नाहीत, तिथे लेखन पाहतात. एखादं लांबलचक धोरण घ्या. त्यावरून कर्मचाऱ्यांसाठी १५० शब्दांचा ईमेल, व्यवस्थापकांसाठी बोलायचे पाच मुद्दे आणि संभाव्य प्रश्नोत्तरं लिहा. ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत कोणी, काय, कधीपर्यंत करायचं ते आलंच पाहिजे. डिझायनर आधी पार्श्वभूमी समजावत बसतो आणि वाचणारा तिथेच सोडून देतो. नमुन्यांत कंपनीचा गोपनीय मजकूर नको. नुसती नावं बदलून भागत नाही, विषयच काल्पनिक घ्या.