प्रति: पास्ता सॅलड – धुवायचा की नाही?
शिजलेला पास्ता पाण्याखाली धरू नये, असं वर कोणीतरी लिहिलंय; ते गरम सॉसच्या पास्त्याला शंभर टक्के लागू. तिथे पास्त्यावरचा चिकट स्टार्च सॉस धरून ठेवतो. सॅलडमध्ये मात्र त्याच स्टार्चने गार झाल्यावर पास्त्याचा गोळा होतो, म्हणून इथे खुशाल धुवा. शिवाय गार होताना पास्ता कडक होतो, फ्रिजमधल्या शिळ्या भातासारखा. त्यामुळे अल डेंटेचा (दाताला किंचित कडक लागेल असा शिजवण्याचा) हट्ट सोडून पाकिटावरच्या वेळेपेक्षा १-२ मिनिटं जास्तच शिजवायचा. थोडं ड्रेसिंग बाजूला ठेवा, रात्रभरात पास्ता सगळं पिऊन टाकतो.

सॅलड मेयोमुळे (मेयोनेझमुळे) खराब होतं म्हणून मेयोला उगाच बदनाम केलंय बरं का! विकतच्या मेयोत व्हिनेगर असतं, तो तसा आंबटच, म्हणून त्यात जंतू सहज वाढत नाहीत. (घरी कच्च्या अंड्याचा केला तर गोष्ट वेगळी.) जास्त जोखीम उघड्यावर राहिलेल्या शिजवलेल्या पास्त्याची आणि चिकनची. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम आहे की असे पदार्थ फ्रिजबाहेर २ तासांपेक्षा जास्त नकोत, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वर हवा असेल तर १ तासच. इथे मंडळाच्या जुलैतल्या पिकनिकला मी भांडं बर्फाने भरलेल्या परातीत ठेवते आणि काकडी-टोमॅटो तिथे पोचल्यावरच घालते.