बीड-धाराशिवचा आकडा सर्वांत कमी आणि ऐझॉलचा सर्वांत जास्त: कारण राहणीमानात की हवापाण्यात?

मांजराकाठ:
राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० सालच्या अहवालातील काही आकड्यांवरून आमच्या घरात बराच वाद झाला, म्हणून हा धागा काढत आहे. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार पुरुषांमध्ये कर्करोगाचा दर मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात सर्वांत जास्त, म्हणजे वर्षाला लाखामागे २६९.४ होता आणि सर्वांत कमी ३९.५ हा आमच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड जिल्ह्यांचा होता. स्त्रियांमध्ये अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे जिल्हा २१९.८ वर, तर तळाशी पुन्हा उस्मानाबाद-बीडच, ४९.४ वर. पुरुषांच्या बाबतीत हा फरक जवळजवळ सातपट होतो.

आमचे गाव कळंब तालुक्यात आहे. कापूस आणि सोयाबीनवर होणारी फवारणी मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि उन्हाळ्यात विंधन विहिरीच्या पाण्याला कशी चव येते ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. पंजाबच्या कापूसपट्ट्यातून कर्करुग्णांना बिकानेरला नेणाऱ्या रेल्वेगाडीचा दाखला देऊन माझे काका म्हणतात की कर्करोग औषधांच्या फवाऱ्यातून येतो. धाकट्या भावाचे म्हणणे असे की सगळे तंबाखूमुळे होते, बाकी निमित्ते आहेत. मला दोघांचेही पटत नाही. फवारणीने कर्करोग होत असेल तर आमचा आकडा तळाशी कसा, आणि तंबाखूनेच होत असेल तर आमच्याकडे ती काय कमी खाल्ली जाते? मुळात हा फरक खरा आहे की केवळ मोजणीतला, हेही जाणकारांनी सांगावे.

आकडेमोड:
मोजणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे घसरले की पुढचा सगळा वाद वाया जातो. आपण दिलेले दर वयानुसार समायोजित आहेत, म्हणजे एका जिल्ह्यात म्हातारी माणसे जास्त आणि दुसऱ्यात तरुण जास्त, हा भेद त्यांतून आधीच काढून टाकलेला आहे. राहिला प्रश्न रुग्ण नोंदीतून निसटण्याचा. ते निसटतात, यात शंका नाही. पोटात गाठ आली, वय पंचाहत्तर, तालुक्याच्या डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले आणि घरच्यांनी नेले नाही, तर तपासणीसाठी तुकडा काढला जात नाही आणि त्या मृत्यूपुढे ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते. अशा घरांची संख्या मराठवाड्यात थोडी नाही.

तरीही एवढ्यावरून सातपट फरक उभा राहत नाही. आपल्या शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ सालापासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात येतात. तिथले कर्मचारी रुग्णालयाच्या कागदांवर विसंबून न राहता गावोगावी जाऊन लोकांना भेटतात, लक्षणे समजावून सांगतात आणि संशयित रुग्णाला तपासणीला आणतात. इतक्या कसोशीने शोधूनही बार्शीचे दर देशातील खालच्या दरांतच राहिले आहेत.

याहून महत्त्वाची खूण अवयवांची आहे. नुसतीच मोजणी तोकडी असती तर सगळ्या अवयवांचे आकडे साधारण सारख्या प्रमाणात घटले असते. पण ऐझॉलच्या पुरुषांमध्ये जठराचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे, आणि आपल्याकडचे पुरुष मुख्यतः तोंडाच्या कर्करोगाने आजारी पडतात. म्हणून एखाद्या प्रदेशात कर्करोग किती, हे विचारण्याआधी तो कोणत्या अवयवाचा, हे विचारावे. एकूण आकड्यावरून कारण शोधणे हे किराणा दुकानाच्या बिलाची फक्त बेरीज पाहून घरात काय शिजले हे ओळखण्यासारखे आहे.

ईशान्यवासी:
नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे ऐझॉलमध्ये राहिले, म्हणून तिथले पाहिलेले लिहिते. धागाकर्त्यांनी तंबाखूविषयी विचारले आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि मिझोराममधील ५८.७ टक्के. प्रमाणाइतकाच फरक प्रकारातही आहे. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्क्यांहूनही कमी होते, बाकी सारी चघळण्याची आणि मिसरीची तंबाखू. मिझोराममध्ये हाताने वळलेली स्थानिक सिगारेट ओढणाऱ्या आजीबाई बाजारात सहज दिसतात, त्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ऐझॉलच्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग इतका जास्त का, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

त्याशिवाय ‘तुइबुर’ आहे. तंबाखूचा धूर पाण्यातून सोडून ते पाणी बाटल्यांत भरतात. बाटलीतला तपकिरी घोट तोंडात घ्यायचा, काही मिनिटे तसाच धरायचा आणि थुंकायचा. माझ्या घरमालकीणबाई दुपारी विणकाम करताना ही बाटली शेजारी ठेवत आणि पाहुणी आली की तिच्यापुढेही करत. खाण्यात चुलीवर टांगून धुरावलेले आणि खारवलेले मांस व मासळी, आणि ‘साउम’ म्हणजे डुकराची आंबवलेली चरबी. मिझोराममध्ये जठराच्या कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात साउम, धुरावलेले मांस आणि तुइबुर यांचा रोगाशी संबंध आढळला होता. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचाही त्यात वाटा असतो. मेघालयात कच्ची सुपारी आणि चुना लावलेले पान दिवसभर तोंडात असते, तिथे अन्ननलिकेचा कर्करोग फार. नागालँडमध्ये नाकामागच्या घशाचा, जो उर्वरित भारतात क्वचितच दिसतो.

तेव्हा ‘डोंगरातली स्वच्छ हवा’ ही कल्पना जरा बाजूला ठेवावी. बाहेरची हवा स्वच्छ असेलही, परंतु थंडीत दारे बंद करून चुलीभोवती बसलेल्या घराची आतली हवा कशी असते ते मी अनुभवले आहे.

कोरडवाहू:
वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण त्यांचा रोख मला खटकतो. राहणीमान म्हटले की दोष रोग्याच्या गळ्यात पडतो आणि कारखानदार व औषध कंपन्या मोकळ्या सुटतात. त्याच सर्वेक्षणात पंजाबमध्ये तंबाखू वापरणारे फक्त १३.४ टक्के आहेत. मग माळव्यातील भटिंडा, मानसा, मुक्तसर या कापूसपट्ट्यात कर्करोगाची एवढी ओरड का? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन हे कीटकनाशक निश्चित कर्ककारक ठरवले आणि मॅलॅथिऑन व ग्लायफोसेट यांना ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले. ही नावे आमच्या कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पाठीवर पंप, अंगात बनियन आणि तोंडाला उपरणे, या वेशात फवारणी करणाऱ्या मजुराला ‘तुझे राहणीमान सुधार’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आकडेमोड:
आपला शेवटचा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. माळव्याचे मात्र नीट पाहू.

चंदिगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने भटिंड्याजवळचा तलवंडी साबो आणि तुलनेसाठी रोपड जिल्ह्यातील चमकौर साहिब असे दोन विभाग घरोघर तपासले. रुग्णांचे प्रमाण पहिल्यात लाखामागे सुमारे १२५ आणि दुसऱ्यात सुमारे ७२ भरले. पुढे २०१२-१३ मध्ये राज्य सरकारने घरोघरी केलेल्या पाहणीतही माळव्याचा आकडा अमृतसरकडच्या ‘माझा’ नावाच्या पट्ट्यापेक्षा बराच वर होता. म्हणजे ओरड निराधार नव्हती. परंतु हे आकडे त्या घडीला हयात असलेल्या रुग्णांचे आहेत, दरवर्षी नव्याने होणाऱ्या रुग्णांचे नाहीत, त्यामुळे ते ऐझॉलच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाहीत. टाटा स्मारक केंद्राने २०१३ पासून मानसा, संगरूर, मोहाली आणि चंदिगढ येथे नव्या रुग्णांची रीतसर नोंदणी सुरू केली, तेव्हा मानसा आणि संगरूरचे दर चंदिगढ व मोहालीपेक्षा कमी निघाले. भटिंड्याहून रात्री निघून सकाळी बिकानेरला पोहोचणारी ती गाडी कर्करुग्णांनी भरत असे, हे खरे आहे. पण ती भरण्यामागे घराजवळ उपचाराची सोय नसणे आणि बिकानेरच्या रुग्णालयातील उपचार परवडणे, हीही तितकीच मोठी कारणे होती.

आता अवयव पाहा. माळव्यात स्त्रियांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख, तर पुरुषांमध्ये अन्ननलिका ठळक दिसते. लिंडेनचा खात्रीचा संबंध लसिकाग्रंथींच्या कर्करोगाशी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, आणि पंजाब सरकारने २०१६ साली त्याविरुद्धची लस मुलींना द्यायला सुरुवात केली ती नेमकी भटिंडा आणि मानसा याच जिल्ह्यांत. याचा अर्थ कीटकनाशके निर्दोष आहेत असा नव्हे. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशकांवर निर्बंध घालायला तेवढे कारण पुरेसे आहे, त्यासाठी कर्करोगाचा आकडा ताणण्याची गरज नाही. उलट तो आकडा उद्या खोटा ठरला तर मूळ तक्रारच हसण्यावारी नेली जाते.

परिसर हेच कारण असते तेव्हा चित्र कसे दिसते, याचे उदाहरण तुर्कस्तानातील कप्पाडोकिया भागात आहे. कराइन आणि तुझकय या गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग इतका माजला होता की गावातील मृत्यूंचा मोठा हिस्सा त्या एकट्या, एरवी अतिदुर्मिळ रोगाचा होता. स्थानिक दगडात एरिओनाइट नावाचे तंतुमय खनिज होते आणि घरे त्याच दगडाची होती. एक विशिष्ट अवयव, मोजकी गावे आणि हाताला लागणारे द्रव्य, अशी ती खूण असते.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या मुंबईत आहे. तिथली कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकात सुरू झाली आणि धर्मानुसार नोंदी तपासल्यावर असे दिसले की पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा बराच जास्त, गर्भाशयमुखाचा कमी, आणि धूम्रपान निषिद्ध मानणाऱ्या या समाजात तंबाखूजन्य कर्करोग फार थोडे. शहर एक, नळाचे पाणी एक, हवेतला धूर एक. मग फरक पडला तो लग्नाचे वय, मुलांची संख्या, आहार, तंबाखू आणि थोडाफार आनुवंशिकतेमुळे.

ईशान्यवासी:
राहणीमान आणि परिसर हे दोन गट इतके स्वच्छ वेगळे करता येतात असे मला वाटत नाही. चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई येथील स्त्रिया जवळजवळ धूम्रपान करत नसत, तरी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे होणारे मृत्यू चीनमध्ये सर्वाधिक होते. घरात धुराड्याविना जळणारा, भरपूर धूर देणारा दगडी कोळसा हे कारण निघाले. ज्या घरांत चुलीला धुराडे बसले तिथे पुढे धोका निम्म्याच्या आसपास आला. याला राहणीमान म्हणायचे की परिसर? कोळसा जमिनीतला, चूल घरातली, आणि धुराड्याला लागणारा पैसा गाठीशी असला तर असला. कोरडवाहू यांचा आक्षेप मला इथे पटतो. चुलीपुढे बसण्याची निवड त्या बायकांनी केलेली नव्हती, आणि आपल्याकडे सासूची मिसरी सुनेच्या हाती येते तेव्हाही ती निवड म्हणण्याजोगी नसते.

मांजराकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद काकांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे एवढेच उरले की पाण्याची तपासणी तरी करून घ्यावी. दुसरे असे की काकू पंचावन्न वर्षांच्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ मिसरी लावतात. आकडा तळाचा असला तरी काळजी वाटते.

आकडेमोड:
पाणी जरूर तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. फ्लोराइड आणि नायट्रेट हे दोन घटक तपासण्याचा आग्रह धरा, कारण आपल्या विंधन विहिरींची नेहमीची तक्रार त्यांचीच असते. फ्लोराइड दात आणि हाडे बिघडवते, तेव्हा कर्करोगाचा विचार सोडला तरी ती तपासणी वाया जाणार नाही.

काकूंच्या बाबतीत मिसरी सोडवण्याचा प्रयत्न चालू ठेवाच, पण त्याआधी त्यांचे तोंड दंतवैद्याला दाखवा. गालाच्या आतला किंवा हिरडीजवळचा पांढरा वा लाल चट्टा, आणि पंधरा-वीस दिवसांत न भरणारी जखम, या दोन गोष्टी दंतवैद्यांनी पाहायच्या आहेत. गर्भाशयमुखाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या. उस्मानाबाद जिल्ह्यातच १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन मोठी चाचणी झाली होती. तीत आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली जगासमोर आले. काकू त्या वेळी तीस-बत्तीसच्या असतील, म्हणजे त्यांच्या माहेरी किंवा सासरी तेव्हा पथक आले होते का, हेही विचारून पाहा.