तारकोव्हस्कीच्या आवडीचे दहा चित्रपट: यादी किती मनावर घ्यायची?

पावसाळी

एप्रिल १९७२. सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' नुकताच हातावेगळा झाला होता. लिओनिद कोझ्लोव्ह या चित्रपट-अभ्यासकाने त्याच्याकडे त्याच्या सर्वांत आवडत्या दहा चित्रपटांची यादी मागितली. गड्याने प्रश्न भलताच गंभीरपणे घेतला. बराच वेळ विचार करून आधी नुसती दिग्दर्शकांची नावं लिहिली, मग चित्रपट, मग क्रमांक. शेवटी कागदावर उरलं ते असं:

ब्रेसाँचा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट', बर्गमनचा 'विंटर लाइट', बुन्युएलचा 'नाझारिन', पुन्हा बर्गमन 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज', चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स', मिझोगुचीचा 'उगेत्सु', कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई', परत बर्गमन 'पर्सोना', परत ब्रेसाँ 'मूशेत' आणि दहावा तेशिगाहाराचा 'वुमन इन द ड्यून्स'.

आता वरचे तीन बघा. तिन्हींत पाद्री. एक आजारी, गावाला नकोसा झालेला तरुण. दुसरा देवावरचा विश्वास उडालेला, तरी रविवारची प्रार्थना उरकणारा. तिसरा ख्रिस्तासारखं जगायला निघतो आणि ज्याचं भलं करायला जावं त्याचं वाटोळं करून बसतो. सरकारी धोरणच नास्तिक असलेल्या देशात हे चाललंय. त्याचा स्वतःचा 'आंद्रेई रुब्लेव्ह', म्हणजे एका चित्रकार भिक्षूची गोष्ट, १९६६ साली तयार होऊन १९७१ च्या अखेरीपर्यंत मायदेशात अडकून पडली होती. शिवाय दहांत सोव्हिएत चित्रपट एकही नाही. ज्या सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनचं नाव तिथल्या फिल्म स्कूलमध्ये उठता-बसता घेतलं जायचं, तोही गायब.

माझं म्हणणं इतकंच: दिग्दर्शक समजून घ्यायचा तर आधी त्याची अशी यादी बघावी, मग त्याचे चित्रपट, आणि वेळ उरला तर समीक्षक.

तिसरी घंटा

पावसाळी, सपशेल असहमत. एका माणसाने एका दिवशी एका कागदावर लिहिलेली दहा नावं. दुसऱ्या दिवशी विचारलं असतं तर निम्मी बदलली असती.

पुरावा? आधीच्या पिढीतला सोव्हिएत दिग्दर्शक दोव्झेन्को. तारकोव्हस्की त्याच्याबद्दल मुलाखतींमधून किती प्रेमाने बोलायचा! दोव्झेन्कोच्या 'अर्थ' (Earth, म्हणजे पृथ्वी) मधली सफरचंदं, पाऊस आणि माती डोळ्यांसमोर आणा आणि मग तारकोव्हस्कीच्या 'इव्हान्स चाइल्डहुड'मधला सफरचंदांचा ट्रक आठवा. रक्ताचं नातं आहे. पण यादीत दोव्झेन्को नाही. ज्याच्या अंगणात हा माणूस वाढला त्याचंच नाव नसेल तर या कागदावरून त्याचा सिनेमा कसला समजायचा?

आणि ते तीन पाद्र्यांचं प्रकरण. पाचव्या क्रमांकावर चॅप्लिनचा भटक्या आहे, सातव्यावर तलवारबाज. त्यांचं काय करायचं? पत्रिका मांडायला बसलं की ग्रह हवे तसे दिसतात.

रीळवाला

घंटासाहेब, चांगला दिग्दर्शक दुसऱ्याच्या चित्रपटात काय बघतो ते एकदा बघा. 'स्कल्प्टिंग इन टाइम' या पुस्तकात तारकोव्हस्की 'सेव्हन सामुराई'मधला एक प्रसंग सांगतो. शेवटची लढाई. धो धो पाऊस, सगळीकडे चिखल. सामुराईंच्या पोशाखात पाय उघडेच असतात, ते चिखलाने लडबडलेले. त्यातला एक जण मरून पडतो, पाऊस त्याच्या पायावरचा चिखल धुऊन काढतो आणि पाय संगमरवरासारखा पांढरा दिसायला लागतो. माणूस मेला, एवढंच. रडारड नाही, पार्श्वसंगीताचा गहिवर नाही.

लाखो लोकांनी तो चित्रपट पाहिला असेल. लढाई सगळ्यांना आठवते. पाय कुणाला आठवतो? याला आठवला. आणि मग याच्या चित्रपटांत बघा: 'सोलारिस'च्या शेवटी घरातच पाऊस पडतोय, 'मिरर'मध्ये छताचे पोपडे पाण्याने खाली कोसळतायत. सातव्या क्रमांकाचा तलवारबाज म्हणून उडवून लावू नका, त्याने पाऊस दिलाय.

तिसरी घंटा

रीळवाला, झकास उदाहरण दिलंत आणि माझीच बाजू भक्कम केलीत. हा पाय पुस्तकात आहे, यादीत नाही. यादीत फक्त 'सेव्हन सामुराई, सात नंबर' एवढंच आहे. मग पुस्तकच वाचा की! मुद्दा यादीच्या किमतीचा होता.

पावसाळी

पुस्तकापर्यंत माणूस पोचतो तो यादीमुळेच, हे विसरू नका.

राहिला दोव्झेन्को. तो यादीत नाही हे मलाही खटकतं. पण त्याने सगळाच सोव्हिएत सिनेमा बाहेर ठेवला, एकट्या दोव्झेन्कोला नाही. घरच्यांना स्पर्धेत उतरवायचं नाही असंही असू शकेल.

लहर म्हणाल तर तीही पटत नाही. दहातली पाच नावं दोनच माणसांची आहेत, तीन बर्गमनची, दोन ब्रेसाँची. ही ओढ १९७२ पुरती होती का? १९८३ साली कान महोत्सवात तारकोव्हस्कीचा 'नोस्टाल्जिया' आणि ब्रेसाँचा 'लार्जाँ' यांना एक पुरस्कार विभागून मिळाला, तोही ऑर्सन वेल्सच्या हस्ते. अकरा वर्षांपूर्वी ज्याला पहिला नंबर दिला त्याच्या शेजारी उभा! आणि शेवटचा 'सॅक्रिफाइस' स्वीडनमध्ये केला तेव्हा कॅमेऱ्यामागे स्वेन निक्विस्ट, बर्गमनचा छायालेखक. लहर इतकी वर्षं टिकत नसते.

चहा_बिस्किट

सत्यजित राय नाहीत. संपला विषय.

रीळवाला

चहा_बिस्किट, राय हवे असतील तर कुरोसावाची यादी घ्या. त्याच्या निधनानंतर मुलगी काझुको हिच्या पुस्तकातून ती बाहेर आली. शंभर चित्रपट, एका दिग्दर्शकाचा एकच. त्यात 'पाथेर पांचाली' आहे, तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' आहे आणि मियाझाकीचा 'माय नेबर टोटोरो'सुद्धा आहे! दिलदार माणूस.

तिसरी घंटा

ही यादी मला मान्य. शंभरांत माणूस पोझ घेऊन बसू शकत नाही, आवडलेलं बाहेर येतंच. दहा म्हटलं की प्रत्येकाला आपली मूर्ती घडवायची असते.

पावसाळी

उलट आहे हो! शंभरांत कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. दहांत कोणाला तरी काढावं लागतं. कोझ्लोव्हने सांगितलंय की सुरुवातीच्या नावांत अँटोनिओनी आणि व्हिगो हे दिग्दर्शक होते. शेवटच्या यादीत दोघेही नाहीत. अँटोनिओनीला बाहेर काढून 'मूशेत' ठेवणं, हे मला शंभर नावांपेक्षा जास्त सांगून जातं.

तिसरी घंटा

तुम्हाला सांगतं, कारण ब्रेसाँ तुम्ही आधीच कोळून प्यायलात. अडचण तीच आहे. आपल्याकडे फिल्म सोसायटीत नवीन आलेल्या पोराच्या हातात असल्या याद्या कोंबतात. पोरगं पहिल्या नंबरपासून सुरुवात करतं आणि दुसऱ्या आठवड्यात फिरकत नाही.

नवीन_प्रेक्षक

ते पोरगं मीच आहे बहुतेक. 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' अर्ध्यात बंद केला. तो डायरीत लिहिताना दिसतो, तेच वाक्य ऐकूही येतं, आणि मग तेच घडतंही. म्हटलं, हे किती वेळा सांगणार? कुठून सुरू करू?

पावसाळी

ताई/दादा, ते तिहेरी सांगणंच ब्रेसाँची खुबी आहे. थोडे दिवस जाऊ द्या आणि पुन्हा लावा, पण एका बैठकीत. 'विंटर लाइट' मधे घेतलात तरी चालेल, दीड तासाच्या आतला आहे.

तिसरी घंटा

अजिबात ऐकू नका. 'सिटी लाइट्स' लावा, घरच्यांना घेऊन. मग 'सेव्हन सामुराई'.

नवीन_प्रेक्षक

तो साडेतीन तासांचा आहे ना?

तिसरी घंटा

रविवारी बघा. जेवणं आधी उरकून घ्या.