सल्ला हवा: सोमाइट कसे शिकवू?

झूवालीमॅडम: टीवायला भ्रूणविज्ञान शिकवते. कोंबडीच्या ३३ तासांच्या स्लाइडवर पोरं न्यूरल ट्यूबच्या (जिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी) दोन्ही बाजूंचे ठोकळे, म्हणजे सोमाइट, ज्यांतून पुढे मणके होतात, ते मोजतात, "बारा जोड्या" लिहितात, जर्नल बंद. परवा एकीने विचारलं, "मॅडम, हे इतके सारखे कसे पडतात? कोण मोजतं?" मी फळ्यावर दोन बाण काढले. तिला कळलं नाही, आणि खरं सांगू, माझंही समाधान झालं नाही.

रस्सापार्टी: मी दर्शनबारी सांगतो. मागून माणसं येतच राहतात, ती शेपटीकडची पेशींची पट्टी. पुढे दार ठराविक वेळाने उघडतं, एक घोळका आत: झाला सोमाइट. कोंबडीत ९० मिनिटांनी, झेब्राफिशमध्ये अर्ध्या तासाने, उंदरात दोन तासांनी, माणसात साधारण पाच. मग सापावर या. तीनशेच्या आसपास मणके कुठून आले? रांग सरकते त्या मानाने दार भराभर उघडतं, म्हणून घोळके लहान आणि पुष्कळ. इथे मागचे बाकही जागे होतात.

निवांत_पेशी: झकास, पण दारावरचा सेवेकरी काढा. घड्याळ प्रत्येक पेशीच्या आत आहे. जनुक प्रथिन बनवतं, तेच प्रथिन जनुकाला गप्प करतं, ते विरलं की पुन्हा सुरू. घड्याळाची कल्पना कुक आणि झीमन यांनी १९७६ लाच मांडली होती. कोंबडीत जनुक खरोखर ९० मिनिटांनी चालू-बंद होताना दिसलं १९९७ मध्ये. दार कुठे, ते एफजीएफ नावाचं संकेत देणारं प्रथिन ठरवतं: शेपटीकडे जास्त, पुढे कमी. शेजारशेजारच्या पेशी नॉचने (पेशी-पेशींतली निरोपाची यंत्रणा) घड्याळं जुळवतात. झेब्राफिशमध्ये नॉच बिघडला तर पहिले सात-आठ सोमाइट ठीक, पुढचे वेडेवाकडे. आधी जुळलेली घड्याळं हळूहळू पांगतात.

अंडाभुर्जी: स्लाइड बाजूला ठेवा, जिवंत दाखवा. पोल्ट्रीची अंडी फळलेली नसतात, कोंबडा असलेल्या घरची गावरान आणा. ३८ अंशांवर दीड दिवस, आडवी. सिरिंजने थोडं पांढरं काढून घ्या, चिकटपट्टी लावून कवचाला खिडकी कापा. आत नुसतं पिवळं दिसेल. भ्रूणाखाली सलाइनमध्ये पातळ केलेली इंडियन इंक टोचा, काळ्यावर ठोकळे उठून दिसतात. मोजा, बंद करा, तीन तासांनी त्याच अंड्यात पुन्हा मोजा: दोन जोड्या जास्त. दोन अंडी ताडू नका, एकाच वेळी ठेवली तरी मागेपुढे असतात.

झूवालीमॅडम: अंडी शिपाईमामा आणतायत! पहिली जोडी मोजायची का?

निवांत_पेशी: हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या तक्त्यात कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या स्टेज आहेत. दहाव्या स्टेजपासून ती विरायला लागते, ते पुढे ती धरत नाहीत. एकीचे बारा, दुसरीचे अकरा आले तर दोघींना मार्क द्या.