मदत हवी आहे : पुरात वाहून जाणारा पूल खेळण्यासारखा दिसतो

बोरीकाठ (अमळनेर) : आमच्या लघुपटात पुराच्या लोंढ्यात जुना दगडी पूल वाहून जातो. थर्माकोलवर प्लॅस्टरचा थर देऊन पुलाची प्रतिकृती केली आणि तिच्यावर पिंपभर पाणी सोडून चित्रीकरण केले. परंतु पडद्यावर पूल काही केल्या खरा वाटत नाही. आता संगणकावरच पूल उभारावा काय? संकलन याच महिन्यात संपवायचे आहे, कृपया त्वरित सांगावे.

केळीचे_पान : प्रतिकृतीचे प्रमाण काय? सेकंदाला किती फ्रेम घेतल्या? कॅमेरा किती उंचीवर होता?

पिक्सेल_जळगाव : प्रतिकृतीच्या फंदात पडूच नये. ब्लेंडर हे त्रिमितीय दृश्ये करण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यात पाण्याचे सिम्युलेशन (संगणकी अनुकरण) होते आणि पूल हवा तितक्या वेळा पाडता येतो.

जुना_प्रोजेक्टर : सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, फेस आणि तुषारांसह पूर रेंडर करण्यास, म्हणजे त्याची अंतिम चित्रे तयार करण्यास, लागणारा संगणक आणि वेळ विनामूल्य नाही. शिवाय हे दोन्ही मार्ग परस्परविरोधी नाहीत. 1997 च्या ‘टायटॅनिक’मध्ये जहाजाची मोठी प्रतिकृती होती, तर तिच्याभोवतीचे पाणी आणि डेकवरची माणसे संगणकावर केलेली होती.

सातपुडा_वारा : तापी नदीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा खऱ्या पुराचेच चित्रीकरण करावे. तो आवाजही दुसरीकडे मिळणार नाही.

बोरीकाठ : पूर नव्हे, पूल तुटताना दाखवायचा आहे. प्रमाण 1:16, मोबाइलवर 24 फ्रेम, तिपाई खांद्याइतकी उंच.

केळीचे_पान : मग कारण उघड आहे, भाऊ. प्रतिकृती लहान झाली तरी गुरुत्वाकर्षण कमी होत नाही : 16 फुटांवरून दगड पडण्यास साधारण 1 सेकंद लागतो, 1 फुटावरून पाव सेकंद. म्हणून प्रमाणाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे 4 पट, कॅमेऱ्याचा वेग हवा. 96 फ्रेमने घेऊन 24 ने दाखवावे. मोबाइलवर 120 असेल तर तेही चालेल. शटर जलद होऊन प्रकाश कमी मिळत असल्याने भर दुपारच्या उन्हातच चित्रीकरण करावे. काठावर उभ्या माणसाचे डोळे या प्रमाणात जेमतेम 4 इंचांवर येतात, लेन्स तिथेच ठेवावी. आणि थर्माकोल तरंगतो. दगड बुडाले पाहिजेत.

पिक्सेल_जळगाव : पाण्याचे थेंब तरीही मोठेच दिसणार, त्याचे काय?

केळीचे_पान : तो आक्षेप रास्त आहे. पाण्यात थोडा भांड्यांचा साबण मिसळल्यास पृष्ठताण कमी होऊन थेंब बारीक फुटतात. माती कालवल्यास पाणी पुरासारखे गढूळ दिसते. उरलेले तुषार आपण ब्लेंडरमध्ये घालून द्यावेत.

बोरीकाठ : कमान नुसत्या प्लॅस्टरची ओततो. ओलसर असतानाच पाणी सोडले तर चालेल काय?

जुना_प्रोजेक्टर : नाही, पूर्ण वाळू द्यावी आणि दगडांचे सांधे मागील बाजूने अर्धवट कापून ठेवावेत, म्हणजे कमान ढेपाळणार नाही, सांध्यांवरच तुटेल.